‘एमटीआय हेवी’ : मातृभाषेच्या छापाला दोष कधीपासून म्हणायला लागले

२००० नंतरच्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईत कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूला जे गेले असतील त्यांना एमटीआय हा शब्द माहीत असणारच. मदर टंग इन्फ्लुअन्स. फॉर्मच्या कोपऱ्यात ‘एमटीआय हेवी’ असं लिहिलं की संपलं, मग ग्रॅज्युएशनला मार्क कितीही असोत. माझ्याही फॉर्मवर एकदा लिहिलं होतं आणि कितीतरी दिवस मला खरंच वाटायचं की आपल्या जिभेतच काहीतरी कमी आहे. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की हे प्रकरण दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते सुरूच होतं टेलिफोनवाल्या बेलच्या घरातून.

ग्रॅहम बेलचे आजोबा आणि वडील दोघंही इंग्लिश ‘नीट’ कसं बोलावं ते शिकवायचे, तोच त्यांचा धंदा. वडील मेलव्हिल बेल आणि काका डेव्हिड बेल यांनी १८६० ला ‘बेल्स स्टँडर्ड एलोक्युशनिस्ट’ नावाचं पाठ्यपुस्तक काढलं, भाषणं-कविता कशा म्हणायच्या त्याचं. १८८८ ला बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी हेच पुस्तक विकत घेतलं होतं! साहेब व्हायचं म्हणून डान्स, फ्रेंच, व्हायोलिन आणि त्यासोबत वक्तृत्वाची शिकवणी, पहिली फी एक गिनी, सुरुवात इंग्लंडचा जुना पंतप्रधान पिट याच्या भाषणापासून. थोड्याच दिवसांत त्यांनी ते सोडलं, आपल्याला काय जन्मभर इंग्लंडमध्ये राहायचंय का असा विचार करून, आणि आत्मकथेत लिहिलंय की बेलसाहेबांनी कानात धोक्याची बेल वाजवली आणि मी जागा झालो. एकोणीस वर्षांच्या पोराला हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं, कारण मला ते पस्तिशीत सुचलं.

आता हे ‘नीट’ इंग्लिश म्हणजे नक्की कुणाचं, तर इंग्लंडमधल्याही फार थोड्या लोकांचं. डॅनियल जोन्स या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ ला उच्चारांचा कोश काढला, त्यात त्याने आधार घेतला महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या लोकांच्या बोलण्याचा, आणि नावही सरळ ‘पब्लिक स्कूल प्रोनन्सिएशन’ असंच दिलं. १९२६ च्या आवृत्तीत ते नाव बदलून ‘रिसीव्ड प्रोनन्सिएशन’ झालं. त्याच वर्षी बीबीसीने उच्चार ठरवायला समिती नेमली, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. म्हणजे मूठभर लोकांची बोली रेडिओवरून साम्राज्यभर ‘शुद्ध’ म्हणून पोचायला लागली. १९४१ ला विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाने आपल्या गावाकडच्या ढंगात बातम्या वाचल्या तर खुद्द इंग्लंडातच तक्रारी आल्या. तो इंग्रजच होता, तरी!

आपल्याकडे इंग्लिश आलं ते वेगळ्या वाटेने. १८३५ मध्ये मेकॉलेचं टिपण, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ, चिपळूणकर त्याला वाघिणीचं दूध म्हणाले, पण ते दूध पाजणारे मास्तर बहुतेक आपलेच होते आणि पोरं इंग्लिश कानापेक्षा डोळ्याने जास्त शिकली. म्हणून आपण स्पेलिंग उच्चारतो. आणि जे कानाने घेतलं ते आपल्या वर्णमालेच्या खणांत बसवून घेतलं. इंग्लिशचा टी जीभ हिरडीला लावून होतो, आपला त दाताशी आणि ट वर टाळूकडे, मधला खण आपल्याकडे नाहीच, मग आपल्या कानाला तो ट जवळचा वाटला आणि टेबल, डाक्टर असे शब्द तयार झाले. थिंकमधला जीभ दातांत धरून काढायचा आवाज आपल्याकडे थ झाला. पण मराठीने काही ठिकाणी बारकावा राखलाय हे कुणी सांगत नाही. व्हॅन आणि वॉटर, हे दोन वेगळे आवाज आपण व्ह आणि व असे वेगळे लिहितो, हिंदीत दोन्हीला साधारण व च. बॅट आणि बॉलसाठी आपण चंद्र काढून ॲ आणि ऑ केले, आज ते शाळेच्या वर्णमालेत आहेत. हा ऐकण्यातला आळस नाही, उलट लक्ष देऊन ऐकल्याची खूण आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५८ ला हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झालं (आजची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणजे इफ्लू). तिथल्या आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये भारतीयांचं इंग्लिश बाहेरच्यांना किती समजतं यावरचा अभ्यास छापला. त्यात जे निघालं ते माझ्या मते आजही प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये भिंतीवर लावायला हवं, की समोरच्याचा गोंधळ मोठ्या प्रमाणात होतो तो शब्दात जोर चुकीच्या जागी दिल्याने.

पण बाजाराला एवढं पुरलं नाही. नव्वदच्या दशकात परदेशी कॉल स्वस्त झाले, ब्रिटिश एअरवेजचं बॅक ऑफिस मुंबईत आलं, जीई या अमेरिकन कंपनीने १९९७ च्या सुमारास गुडगावला काम सुरू केलं आणि मग ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’ ट्रेनिंगचं पेवच फुटलं. तोंडासमोर कागद धरायचा आणि पेपर म्हणायचं, कागद हलला पाहिजे, कारण इंग्लिश शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या पी-टी-के मधून हवेचा झोत येतो आणि आपण तो झोत फ, ठ, ख साठी राखून ठेवलेला. रात्री सुनीताची सुझन व्हायची. सुरुवातीला अमेरिकन ढंगच हवा असायचा, नंतर शब्द आला न्यूट्रल ॲक्सेंट, म्हणजे कुठलाच नसलेला. असा ॲक्सेंट जगात कुणाचाही नसतो हो, तोंड आहे म्हणजे ढंग आहे.

अमेरिकेत तर हे कोर्टापर्यंत गेलं. फिलिपिन्सहून हवाईला आलेले मॅन्युएल फ्रागांते सरकारी क्लार्कच्या परीक्षेत ७२१ जणांत पहिले आले, तरी उच्चारावरून नोकरी नाकारली आणि १९८९ ला अपील कोर्टानेही नाकारणाऱ्यांचंच बरोबर धरलं. पुढे १९९२ ला तिथलेच संशोधक डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग छापला, तो वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. विद्यार्थ्यांना अमेरिकन बाईच्याच आवाजातलं लेक्चर ऐकवलं, काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो, काहींना आशियाई बाईचा. आवाज तोच. आशियाई चेहरा बघितलेल्यांना लेक्चर कमी समजलं. १९९५ ला कॅनडातले भाषा-संशोधक मनरो आणि डर्विंग यांनी दाखवलं की ॲक्सेंट जड असूनही माणूस पूर्ण समजू शकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमटीआयच्या रकान्यात मात्र त्या एकच धरल्या जातात.

आता तर माणसाला शिकवायचीही गरज राहिलेली नाही, २०२० ला कॅलिफोर्नियात सुरू झालेली सनास नावाची कंपनी बोलता बोलता उच्चार बदलून देणारं सॉफ्टवेअर विकते, आणि टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या कॉल सेंटर कंपनीने भारतातल्या एजंट लोकांसाठी ते वापरायला घेतल्याच्या बातम्या २०२५ ला आल्या. समोरच्याच्या शिव्या त्यामुळे कमी होत असतील तर एजंटला बरंच वाटेल, ते मी नाकारत नाही, रात्रपाळीत मी त्या शिव्या खाल्ल्यात. पण ऐकणाऱ्याने कान थोडा तयार करावा ही मागणी मात्र इतक्या वर्षांत कुठल्या ट्रेनिंग रूममध्ये माझ्या कानावर आली नाही.

परवा भाच्याची इंटरव्ह्यूची तयारी घेतली. हॉटेल, डेव्हलप, कमिटी, तिन्हींत जोर दुसऱ्या तुकड्यावर, हे त्याच्याकडून वीस-वीसदा म्हणून घेतलं, वाक्यात कुठे थांबायचं ते घेतलं. त्याने विचारलं, मामा, ट चं काय करायचं? म्हटलं, तो राहू दे.