भिंतीवरून सोलून काढलेलं चित्र: ताउलच्या चर्चची गोष्ट

स्पेन आणि फ्रान्सच्या मधे पिरेनीजचे डोंगर आहेत, तिथे साधारण १५०० मीटर उंचीवर स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातलं ताउल हे इवलंसं गाव, आणि गावाच्या कडेला सान क्लिमेंतचं चर्च. चर्च म्हटलं की आपल्याला उंच टोकदार कमानी आणि रंगीत काचा आठवतात, पण ती गॉथिक स्टाइल, ती नंतर आली. हे त्याच्या आधीचं, रोमनेस्क. म्हणजे अर्धगोल कमानी, जाड दगडी भिंती आणि खिडक्या अगदी बारीक.

याची तारीख पक्की माहितीये कारण ती आतल्या एका खांबावर रंगवून लिहिली होती: १० डिसेंबर ११२३. त्या दिवशी बिशप रामोन यांनी चर्चचं पवित्रीकरण केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातल्या सांता मारियाचंही उरकलं. एवढ्याशा गावात दोन दिवसांत दोन चर्च!

बांधकामात मला आवडतो तो साधा हिशेब. दगडी घुमटाकार छत घातलं की ते भिंतींना बाहेर ढकलतं, मग भिंती अजून जाड करा, खांब अजून जाड करा. इथे छत लाकडी आणि वर स्लेटच्या फरश्या, म्हणून आत साध्या गोल खांबांवर भागलं. टॉवर तळाशी जवळपास बंद, आणि वर जाताना एकाच्या जागी जोडखिडक्या आणि तिळ्या खिडक्या, त्यामुळे वजन कमी होतं. भिंतींवर बाहेरून छोट्या आंधळ्या कमानींची (म्हणजे आरपार नसलेल्या, नुसत्या भिंतीवर उठवलेल्या) नक्षी, ती उत्तर इटलीतल्या लोम्बार्ड गवंड्यांची पद्धत.

पण या चर्चचं नाव झालं ते चित्रामुळे. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर भलामोठा येशू बसलाय, हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये 'मी जगाचा प्रकाश आहे'. त्यातला निळा रंग बघा, लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातून यायचा आणि महाग पडायचा, पण पिरेनीजमध्येच एरिनाइट नावाचं निळसर खनिज मिळतं आणि इथल्या चित्रकारांनी तेच वापरलं.

आता गंमत अशी की ते चित्र चर्चमध्ये नाहीच, ते बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे. झालं काय, १९०७ मध्ये कॅटलन वास्तुविशारद पुच इ कादाफाल्क आणि मंडळी या खोऱ्यांतली जुनी चर्च बघायला आली, चित्रांचा बोलबाला झाला, आणि मग मागोमाग जुन्या कलावस्तूंचे डीलर आले. मूर गावच्या चर्चमधली चित्रं विकली जाऊन थेट बॉस्टनला पोचली, तेव्हा बार्सिलोनाचे लोक खडबडून जागे झाले आणि १९१९ ते १९२३ या काळात उरलेली चित्रं स्वतःच विकत घेऊन भिंतींवरून उतरवली.

उतरवली म्हणजे अक्षरशः सोलली. इटालियन कारागीर चित्रावर कापड ठेवून गरम सरस लावायचे (सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा गोंद), तो वाळताना आक्रसतो आणि रंगाच्या थराला इतका घट्ट पकडतो की गिलाव्याची पकड ढिली पडते, मग कापड हळूहळू ओढायचं, रंग कापडासोबत सुटून येतो. त्याची गुंडाळी करून खेचरांवर लादायची. पुढे बार्सिलोनात मागच्या बाजूने नवीन कापड चिकटवायचं, पण पाण्यात न विरघळणाऱ्या गोंदाने, आणि मग गरम पाण्याने पुढचा सरस धुवून काढायचा की चित्र परत सुलटं दिसतं. दोन गोंद, एक पाण्यात विरघळणारा आणि एक न विरघळणारा, सगळी कमाल एवढीच.

साधारण त्याच वर्षांत निजामाने अजिंठ्याला इटालियन तज्ज्ञ आणले होते, त्यांनी चित्रं जागेवरच ठेवली पण वर शेलॅक (लाखेचं व्हार्निश) लावलं आणि ते पुढे पिवळं पडलं. म्हणजे सोललं तर जागा जाते, न सोललं तर वरचा लेप त्रास देतो. तरी मला वाटतं तेव्हा सोललं नसतं तर आज हे चित्र अमेरिकेतच बघावं लागलं असतं.

सोलताना सगळा रंग मात्र निघाला नव्हता. १९६० च्या सुमारास चर्चमध्ये चित्राची नक्कल रंगवली होती, ती नंतर काढून टाकली, आणि खाली भिंतीत मुरलेले मूळ रंगाचे तुकडे सापडले. म्हणून २०१३ पासून तिथे प्रोजेक्टरने अख्खं चित्र त्याच भिंतीवर पाडून दाखवतात, आणि प्रोजेक्टर बंद झाला की मुरलेले तुकडे तेवढे दिसत राहतात.