खेळाचा डबा घरी नेलात, आता खेळायचं कसं ते वाचा

खेळता खेळता खाण्यापिण्याची ओळख करून देणारा हा डबा ४ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण मुलांना एकटं सोडून नाही खेळायचा, घरातलं कोणीतरी मोठं सोबत पाहिजे, आजी असेल तर फारच छान कारण भाज्यांची नावं तिलाच जास्त माहिती.

सुरुवात रंगांच्या कार्डांनी करा. कार्डं घेऊन मुलाला भाजीला न्यायचं, ठाण्याच्या जांभळी नाक्याला जा नाहीतर सोसायटीच्या गेटवरच्या भाजीवाल्याकडे, आणि प्रत्येक रंगाचं काहीतरी एक त्याने स्वतः निवडायचं. लाल माठ, गाजर, वांगं, पेरू, काहीही चालेल. पावसाळ्यात टाकळा, करटोली घेऊन बसलेल्या मावशी दिसल्या तर त्यालाच विचारू दे, मावशी ही कशी करायची. तुम्ही मध्ये बोलू नका प्लीज.

दुसरा चमच्यांचा खेळ, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. घरातलं कुठलंही कोल्ड्रिंक किंवा बिस्किटाचा पुडा घ्या, मागे १०० ग्रॅम किंवा १०० मिलीत साखर किती ते छापलेलं असतं, ते मुलाला शोधू द्या. एक छोटा चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. समजा १०० मिलीला १० ग्रॅम लिहिलंय आणि बाटली २०० मिलीची आहे, तर झाले ५ चमचे, ते त्याने खरोखर मोजून ग्लासात टाकायचे आणि ग्लास सगळ्यांना दाखवायचा. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसांनाही वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा सांगते. वाचता येणाऱ्या मुलांना घटकांची यादी पण द्या, वजनाने जे जास्त ते यादीत आधी लिहायचं असा नियमच आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुड्यात मुख्य काय आहे ते कळतं.

चाखण्याच्या तक्त्यावर घास घेतला की टिक, आवडला नाही तरी टिक. नवीन चव पटायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावं लागतं, म्हणून दोनदा नाही म्हणाला की सोडून देऊ नका, पण जबरदस्ती पण नको.

बक्षीस म्हणून चॉकलेट अजिबात नको!! दुधी खाल्लास तर आइस्क्रीम, असं म्हटलं की दुधी ही शिक्षा आहे असंच मूल समजतं. जिंकलेल्याने उद्याच्या डब्यात काय न्यायचं ते ठरवायचं. आणि वडापावला वाईट वगैरे म्हणू नका, रोज नको एवढंच.

शेंगदाणे, दूध, अंडं अशी कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती कार्डं आधीच बाजूला काढा. कार्ड फाटलं तर दुकानात आणून द्या, बदलून देतो.