भिंतीवरचा खरा चेहरा : फ्रेंच शिळाछापातील सावलीची पूर्वपीठिका

वाटर्लूच्या पराभवानंतर, १८१५ मध्ये, बूर्बाँ घराणे फ्रान्सच्या गादीवर परतले आणि नेपोलियनची तसबीर बाळगणे धोक्याचे झाले. तेव्हा त्याच्या अनुयायांनी कातारी कामाच्या लहानशा मुठी करवून घेतल्या. हातात घेतली तर ती साधी शिक्का मारायची मूठ, पण मेणबत्तीसमोर धरताच भिंतीवर नेपोलियनची मुखरेषा पडे. अशा वस्तूंत सावली निष्ठा लपवत होती. पुढे व्यंगचित्रकारांनी तिला चुगली करायला लावले.

त्याला शिळाछापाचे तंत्रही अनुकूल होते. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेली ही पद्धत १८१६ च्या सुमारास पॅरिसमध्ये रुजली. घासून खरखरीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, डिंक आणि सौम्य आम्लाने ते पक्के करायचे, मग दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवायचा; ओला दगड शाई झिडकारतो, खडूची रेघ ती धरते. खडू हलका चालवला तर तो फक्त कणांच्या माथ्यावर बसतो आणि धूसर करडी छटा उमटते, दाबला तर खळगे भरून दाट काळोख होतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरताना आडव्याउभ्या रेघांच्या जाळीने जी सावली कष्टाने विणावी लागे, ती इथे मनगटाच्या दाबावर मिळू लागली.

नान्सीत जन्मलेल्या ग्रांव्हिल या व्यंगचित्रकाराने १८२९ च्या चित्रमालिकेत माणसांच्या धडांवर थेट प्राण्यांची डोकी बसवली होती. १८३० च्या नोव्हेंबरात शार्ल फिलिपाँचे ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक निघाले, आणि त्यातल्या ‘पडछाया’ या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रात त्याने डोकी जागच्या जागी ठेवून फक्त सावल्या बदलल्या. प्रतिष्ठित मंडळी ऐटीत उभी आहेत आणि त्यांचे खरे रूप मागच्या भिंतीवर पडले आहे, ज्याचा त्यांना पत्ताच नाही. माझ्या मते पहिल्यापेक्षा ही युक्ती अधिक बोचरी आहे, कारण इथे आरोप चित्रकार करत नाही, उजेड करतो.

१८३० च्या सनदेने, म्हणजे नव्या राज्यघटनेने, सेन्सॉरशिप कायमची रद्द केली होती, तरी खटले थांबले नाहीत. राजा लुई-फिलिपचा चेहरा चार पायऱ्यांत नासपतीत बदलून दाखवणाऱ्या फिलिपाँला १८३१ मध्ये शिक्षा झाली. जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरच्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. सनद मतांना संरक्षण देते, चित्र हे मत नसून कृती आहे, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. ‘ला कारिकात्यूर’ त्याआधीच, ऑगस्टमध्ये, बंद पडले होते. ग्रांव्हिल पुस्तकांच्या चित्रांकडे वळला, आणि १८३८ मध्ये फ्रेंच कवी ला फोंतेनच्या बोधकथांसाठी त्याने काढलेले प्राणी माणसांचे कपडे घालून पुन्हा उजळ माथ्याने वावरू लागले.