नव्वदातून त्रेपन्न : एनएफएलचा संघ ठरतो कसा

दर वर्षी ऑगस्ट संपता संपता एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, बत्तीसही संघांत कात्री चालते. सराव शिबिरातल्या ९० खेळाडूंपैकी ५३ उरतात. नावं खोडण्याचं नकोसं काम प्रशिक्षकाच्या माथी येतं. पण मुळात ती माणसं गोळा करण्यात त्याचा हात किती, हे मात्र काळानुसार बदलत आलंय.

सुरुवातीला ज्याचा खिसा गरम त्याला चांगले खेळाडू, असा रोकडा व्यवहार होता. तळाशी रखडलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये त्यावर तोडगा मांडला : कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडायचे आणि पहिला मान सर्वांत दुबळ्या संघाला द्यायचा. १९३६ मध्ये पहिला ‘ड्राफ्ट’ झाला. त्यात पहिल्याच क्रमांकावर निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, ही त्यातली गंमत.

निवडीला शिस्त लावली ती पॉल ब्राउन यांनी. १९४६ पासून क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक असलेले ब्राउन खेळाडूंची ४० यार्डांची धाव घड्याळ लावून मोजत, बुद्धिमत्तेची चाचणीही घेत. संघात न मावणारे पण हातचे जाऊ नयेत असे खेळाडू मालक मिकी मॅकब्राइड यांच्या टॅक्सी कंपनीच्या पगारावर ठेवले जात. मुख्य यादीबाहेर राहून संघासोबत सराव करणाऱ्यांचा आजचा अधिकृत सराव चमू हा त्याच युक्तीचा वंशज.

पुढचं पाऊल डॅलस काउबॉइजनी टाकलं, आणि त्यात एक भारतीय होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉइजचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम यांनी खेळाडूनिवडीत संगणक वापरण्यासाठी आयबीएमचं दार ठोठावलं. तिथे त्यांची गाठ संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याशी पडली. कुरेशींना क्रिकेट कळायचं, अमेरिकन फुटबॉलचा गंध नव्हता. माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. एक प्रशिक्षक ज्याला ‘चपळ’ म्हणे, त्याला दुसरा ‘बरा’ म्हणे. यंत्राला असं मोघम बोलणं चालत नाही. म्हणून चारित्र्य, चपळाई, ईर्ष्या, तल्लखपणा, ताकद असे मोजके गुण ठरवून प्रत्येकाला आकड्यात तोलायचं ठरलं. हे काम सुरू असतानाच, १९६४ च्या ड्राफ्टमध्ये काउबॉइजनी मेल रेन्फ्रो, बॉब हेज आणि दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबॅक असे तिघे उचलले. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. श्रेय सगळं संगणकाचं नव्हे : नौदलाच्या सेवेत अडकलेल्या स्टॉबॅकसाठी १९६९ पर्यंत थांबायची तयारी माणसांनीच दाखवली.

खरी उलथापालथ केली पैशाने. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली : तेव्हा ३.४६ कोटी डॉलर, २०२४ मध्ये २५.५४ कोटी. खेळाडू चांगला आहे का, या प्रश्नाला ‘कितीला?’ अशी शेपटी जोडली गेली. २०११ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारात नवख्यांचे पगार बांधले गेल्यावर स्वस्तातला तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, हे घबाडच ठरलं. सिअ‍ॅटल सीहॉक्सनी तिसऱ्या फेरीत घेतलेल्या क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या तुटपुंज्या पगारामुळे उरलेला पैसा इतरत्र लावला आणि २०१३ च्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, मारला.

ही आकडेमोड खेळाडू आणि करार ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरच्या कचेरीत होते, आणि कुरबुरी तिथूनच सुरू होतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स १९९७ मध्ये संघ सोडताना म्हणाले होते : स्वयंपाक करायला सांगता, तर निदान थोडं वाणसामान तरी आणू द्या.

प्रशिक्षकाचा शब्द खऱ्या अर्थाने चालतो तो यादीच्या शेपटाकडे. तिथे राखीव बचावपटूला किकच्या वेळी धावून टॅकल करता येतो का, यावर नोकरी ठरते. त्यातही डावपेच असतात. काढलेल्या नवख्याला दुसरा संघ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उचलू शकतो. चार हंगाम पूर्ण केलेल्याला मात्र तेव्हा ही अट लागत नाही, तो थेट मोकळा होतो. कात्रीआधीच जायबंदींच्या यादीत गेलेला खेळाडू त्या हंगामात परतू शकत नसे, म्हणून २०२४ मध्ये हा नियम सैल होईपर्यंत एखाद्या जुन्याजाणत्याला ‘आज काढतो, उद्या परत घेतो’ असं सांगून सर्रास जागा रिकामी केली जाई, आणि त्या जागेवर जायबंदी खेळाडू एक दिवस दाखवून दुसऱ्या दिवशी जायबंदींच्या यादीत हलवला जाई. अशा डावपेचांमुळे कात्रीच्या संध्याकाळी जाहीर होणाऱ्या ५३ नावांवर जाणकार फारसा विश्वास ठेवत नाहीत.