दुर्बीण घेताना नळी मोजा

'पहिली दुर्बीण घ्यायचीय, ही कशी आहे?' असं विचारत कुणी ना कुणी मला खोक्याचा फोटो पाठवतंच. खोक्यावर शनीचं भलंथोरलं रंगीत चित्र, आणि शेजारी ठळक अक्षरांत '५२५ पट'. हा आकडा काढतात कसा, ते आधी सांगतो. या दुर्बिणीत प्रकाश गोळा करतो आरसा, आणि तो प्रकाश आरशापासून जितका दूर एकत्र येतो ते त्याचं नाभीय अंतर, इथे ७०० मिमी. त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, ४ मिमी नाभीय अंतराने भागलं की १७५, आणि वर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की ५२५. गणित चोख आहे. पण आरसा जेमतेम ७६ मिमी व्यासाचा! व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे विशालन नेलं की नवं काही दिसत नाही, होता तोच धूसर ठिपका फुगतो आणि अंधूक होतो. म्हणजे इथे दीडशेच्या आसपासच हद्द संपली. शनीची कडी दिसायला तर तीसेक पट पुरतात. (शनीची भीती घालून पोट भरणाऱ्यांना कुणीतरी ती कडी एकदा दाखवायला हवी.)

तेव्हा पट विसरा आणि आरशाचा व्यास बघा. ७६ ऐवजी ११४ मिमीचा आरसा घेतला तर प्रकाश सव्वादोनपट गोळा होतो. इथवर बहुतेकांना पटतं. गोची पुढे आहे.

समजा, ११४ मिमीच्याच दोन दुर्बिणी समोर आहेत. एकीचं नाभीय अंतर ९०० मिमी आणि नळीही जवळपास तेवढीच लांब. दुसरीवर लिहिलंय १००० मिमी, पण नळी मात्र अर्धा मीटरच. दुसरी सुटसुटीत आणि आकड्यानेही वरचढ, म्हणून नवखा माणूस हमखास तीच उचलतो आणि फसतो. का, ते बघू.

आता शाळेत शिकलेलं एक वाक्य आठवा. अंतर्गोल आरशावर अक्षाला समांतर पडणारे किरण परावर्तनानंतर नाभीतून जातात. हे अर्धसत्य आहे. आरसा गोलाचा तुकडा असेल तर काठाजवळ पडलेले किरण अक्षाला थोडे अलीकडेच छेदतात आणि मधले थोडे पलीकडे. सगळे एका बिंदूत येतच नाहीत. मग कोणत्या आकारात येतील? ताऱ्याचा प्रकाश इतक्या लांबून येतो की आपल्यापाशी पोचताना त्याची लाट सपाट झालेली असते. त्या सपाट लाटेपासून आरशापर्यंत आणि तिथून नाभीपर्यंत प्रत्येक किरणाला सारखंच अंतर कापावं लागलं, तरच सगळे तालात पोचतील. एका ठरावीक बिंदूपासून आणि एका ठरावीक रेषेपासून कायम सारख्या अंतरावर राहणारा वक्र म्हणजे अन्वस्त. भूमितीच्या पुस्तकातली कोरडी व्याख्या, पण आपल्याला हवी ती अटच ती शब्दशः सांगते. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

मग सगळेच आरसे अन्वस्ताच्या आकाराचे का नसतात? कारण गोल जवळजवळ फुकट मिळतो. काचेच्या दोन चकत्या घ्या, मध्ये घर्षक भुकटी आणि पाणी घाला आणि वरची चकती खालचीवर पुढेमागे, फिरवत फिरवत घासत राहा. वरची खोलगट होते, खालची फुगते, आणि दोन्ही आपोआप गोलाकार होतात, कारण कसंही सरकवलं तरी एकमेकांना पूर्ण टेकून राहतील असे वक्र पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात. न्यूटनने १६६८ मध्ये बनवलेल्या दुर्बिणीतला इवलासा धातूचा आरसाही गोलीयच होता. अन्वस्त आकाराचा आरसा असलेली दुर्बीण जॉन हॅडलीने १७२१ मध्ये पुढे आणली.

गोल आणि अन्वस्त यांच्यात फरक केवढा असतो? आरशाच्या त्रिज्येचा (व्यासाच्या निम्म्याचा) चौथा घात भागिले वक्रता त्रिज्येच्या, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीच्या, घनाची आठपट. ९०० मिमीवाल्या आरशाची त्रिज्या ५७ मिमी आणि वक्रता त्रिज्या १८०० मिमी, म्हणून काठाशी फरक येतो सुमारे २२५ नॅनोमीटर. फोकस किंचित सरकवून जुळवून घेतलं की त्याचा चौथा हिस्सा उरतो, ५६ च्या आसपास. चांगल्या प्रतिमेसाठी पृष्ठभागाची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक अष्टमांशापेक्षा, म्हणजे साधारण ६९ नॅनोमीटरपेक्षा, जास्त नको. पास! लांब नळीत साधा गोलीय आरसाही चालून जातो तो असा. आता आखूड नळीतल्या आरशाचं खरं नाभीय अंतर ५०० मिमी धरा. घनाचा हिसका बघा: फरक १३२० नॅनोमीटर, जुळवून घेऊनही ३३०. मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची ही गोष्ट आहे, आणि तरी ती डोळ्यांनी दिसते. १८५८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने एक बारीक छिद्र, मागे दिवा आणि एक धारदार पातं एवढ्यावर आरशातले असे उंचवटे पाहण्याची युक्ती काढली. घरी आरसे घासणारे हौशी आजही तीच वापरतात.

आखूड नळीवाले हा दोष झाकायला फोकसरच्या, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवणाऱ्या, नळकांड्यात एक भिंग बसवतात. तेच नाभीय अंतर दुप्पट करतं आणि आरशाची चूकही सुधारायला बघतं. कल्पना वाईट नाही, पण स्वस्त दुर्बिणीत ते भिंग सुमार असतं आणि आरशांची जुळणी करताना मध्ये कडमडतं. म्हणून नळी मोजा. छापलेल्या नाभीय अंतराच्या निम्मीच भरली तर नमस्कार करून पुढे व्हा. आखूडच हवी असेल तर '१३०, ६५०' (व्यास १३० मिमी, नाभीय अंतर ६५०) अशी घ्या, पण आरसा अन्वस्ताकार आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुर्बीण ज्यावर ठेवायची त्या बैठकीबद्दल एवढंच, की लटपटत्या तिपाईपेक्षा हौशी दुर्बीणकार जॉन डॉब्सनच्या धर्तीची साधी लाकडी पेटी कितीतरी बरी. आणि आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर सोबत आला तर तो आधी फेकून द्या. तापून तडकला तर डोळा जाईल.

घरी आणल्यावर अर्धा तास बाहेर निवू द्या. मग एखादा ठळक तारा मध्यावर आणून फोकस आधी थोडा आत, मग तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडे वलयांची सारखीच चकती दिसली तर आरसा चांगला आहे. एकीकडे काठ रेखीव आणि दुसरीकडे विस्कटलेला असेल, तर तुमच्या नळीत गोल बसलाय.