टीव्ही, साउंडबार आणि दिवे एका बटणावर आणण्याआधी
(हब बसवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

'सिनेमा' म्हटले की टीव्ही लागावा, साउंडबार चालू व्हावा, दिवे मंद व्हावेत. हब (घरातली वेगवेगळी उपकरणे एकत्र चालवणारी छोटी पेटी) घेणाऱ्या बहुतेकांची एवढीच अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. मात्र ती कितपत पूर्ण होईल हे हबपेक्षा तुमच्या घरात आधीपासून असलेल्या उपकरणांवर जास्त अवलंबून असते. त्यामुळे पाहणीला आल्यावर आम्ही हबचा खोका लगेच उघडत नाही. आधी प्रत्येक उपकरणाबद्दल दोन गोष्टी तपासतो: याच्यापर्यंत सिग्नल कोणत्या वाटेने पोहोचतो, आणि सिग्नल मिळाल्यावर हे उलट काही कळवते का. दुसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, आणि नंतरच्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

रिमोट एकतर्फी बोलतो

साध्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड प्रकाश देणारा छोटा एलईडी असतो. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लयीत बटणाचा कोड दडलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोट त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट ठिपका चमकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचा वापरा.) रिमोट बिघडला की सेल संपले, हे ठरवतानाही ही युक्ती कामी येते.

हबला हेच काम करता यावे म्हणून आयआर ब्लास्टर नावाची एक छोटी डबी लागते. हब तिला वाय-फायवरून सांगतो आणि ती रिमोटसारखाच प्रकाश सोडते. हा प्रकाश खोलीतल्या भिंतींवरून उसळून बराच पसरतो, पण भिंतीपलीकडे जात नाही आणि लाकडी कपाटाच्या बंद दारातूनही नाही. सेट-टॉप बॉक्स बंद कपाटात असेल तर ब्लास्टरही आत ठेवावा लागतो किंवा दार उघडे ठेवावे लागते. बहुतेक ब्लास्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, हेही राउटर बदलताना लक्षात असू द्या.

खरी अडचण वेगळीच आहे. टीव्हीला सिग्नल मिळाला की नाही हे ब्लास्टरला कधीच कळत नाही. त्यातून रिमोटवर चालू आणि बंद करण्यासाठी बहुधा एकच बटण असते. समजा, हबने रात्री टीव्ही बंद केला. सकाळी कुणीतरी हातातल्या रिमोटने तो लावला. हबच्या हिशेबी टीव्ही अजून बंदच आहे. आता 'सिनेमा' म्हटल्यावर हब पॉवरचा कोड पाठवतो, चालू असलेला टीव्ही बंद होतो, साउंडबार मात्र चालू होतो, आणि पुन्हा 'सिनेमा' म्हटले की सगळे आणखी उलटेपालटे होते. अशा वेळी लोक हबला दोष देतात. हबने सांगितले ते केले, त्याला फक्त टीव्ही दिसत नव्हता.

यावर उपाय आहेत. अनेक टीव्हींना 'चालू हो' आणि 'बंद हो' असे दोन स्वतंत्र कोड कळतात, रिमोटवर तशी बटणे नसली तरी. आम्ही आधी ते शोधतो, कारण चालू असलेल्या टीव्हीला पुन्हा 'चालू हो' सांगितले तर काही बिघडत नाही. ते कोड मिळाले नाहीत तर वीज मोजणारा स्मार्ट प्लग (सॉकेट आणि टीव्हीच्या मध्ये बसणारा, हबशी जोडलेला प्लग) लावतो. स्टँडबायमध्ये टीव्ही अगदी थोडी वीज घेतो, चालू असताना काही पटींनी जास्त. प्लगवरचा आकडा पाहून हब ठरवतो की कोड पाठवायचा की गप्प बसायचे.

आवाजाचेही तेच. इन्फ्रारेडने 'आवाज २० वर ठेव' असे सांगता येत नाही. फक्त वाढव किंवा कमी कर. मग आवाज पूर्ण शून्यावर आणायचा आणि मोजून तितक्या पायऱ्या वर चढवायचा, असा उद्योग करावा लागतो. चालतो तो, पण पडद्यावर आवाजाची पट्टी खालीवर पळताना दिसते आणि एखादा सिग्नल हुकला की गणित चुकते. दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर आम्ही हे सुचवत नाही.

एचडीएमआय केबलमधली एक तार

एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज जातो हे सर्वांना माहीत असते. तिच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून मात्र उपकरणे एकमेकांना निरोपही देतात. या सोयीला सीईसी म्हणतात, पण सेटिंगमध्ये हे नाव शोधून सहसा सापडणार नाही. सॅमसंगवर ते 'एनीनेट प्लस' असते, एलजीवर 'सिम्पलिंक', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक', फिलिप्सवर 'ईझीलिंक'. ते चालू केले की स्ट्रीमिंग स्टिकचे (टीव्हीला खोचून इंटरनेटवरचे चित्रपट दाखवणाऱ्या कांडीचे) बटण दाबताच टीव्ही लागतो, योग्य इनपुटवर जातो, आणि टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त करता येतो.

आमचे स्पष्ट मत सांगतो: तुमची गरज एवढीच असेल तर हब घेऊ नका. हे सेटिंग चालू करा आणि महिनाभर वापरून पाहा.

सीईसीचीही कटकट असते. प्रत्येक कंपनी निरोपांचा अर्थ थोडा वेगळा लावते. रात्री गेम कन्सोल कशासाठी तरी जागा होतो आणि सोबत टीव्हीही उठवतो, ही ओळखीची तक्रार. हब आणि सीईसी दोघेही इनपुट बदलू लागले तर त्यांची ओढाताण सुरू होते. म्हणून आम्ही प्रत्येक कामाचा मालक एकच ठेवतो: उदाहरणार्थ, इनपुट बदलणे सीईसीकडे, दिवे आणि टीव्ही चालू-बंद करणे हबकडे.

नेटवर्कवरून: जमेल तिथे हाच मार्ग

अलीकडचे स्मार्ट टीव्ही, रिसीव्हर (सगळी उपकरणे आणि स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) आणि अनेक साउंडबार घरच्या नेटवर्कवरून आज्ञा घेतात आणि उत्तरही देतात. मी चालू आहे, अमुक इनपुटवर आहे, आवाज २० आहे, चित्रपट थांबवलेला आहे. इथे हबला अंदाज बांधावा लागत नाही.

अडते ते टीव्ही चालू करण्यापाशी. बंद झालेल्या टीव्हीने आपले वाय-फायही बंद केले असेल तर त्याला हाक ऐकू येणार कशी? त्यासाठी टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'मोबाइलवरून चालू करा' किंवा 'वेक ऑन लॅन' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू करावा लागतो. मग हब एक १०२ बाइटचा छोटा निरोप सोडतो, ज्यात टीव्हीच्या नेटवर्क कार्डचा क्रमांक १६ वेळा लिहिलेला असतो, आणि आपला क्रमांक ओळखून टीव्ही जागा होतो. वाय-फायऐवजी लॅन केबल लावली तर हे जास्त भरवशाने चालते.

राउटरवर प्रत्येक उपकरणाचा पत्ता कायमचा राखून ठेवणे, हे आमच्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम. ते केले नाही तर राउटर बंद-चालू झाल्यावर टीव्हीला नवा पत्ता मिळतो आणि हब जुन्याच दारावर टकटक करत राहतो. तसेच टीव्ही गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) वाय-फायवर आणि फोन मुख्य वाय-फायवर असेल तर फोनला टीव्ही सापडत नाही. हा बिघाड नाही, गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असते.

स्ट्रीमिंग स्टिकबद्दल एक गोष्ट. त्यांचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात, त्यामुळे ब्लास्टरने स्टिक हलत नाही. ती नेटवर्कवरूनच चालवावी लागते. मात्र त्याच रिमोटवरची आवाजाची बटणे बऱ्याचदा इन्फ्रारेडने थेट टीव्हीशी बोलतात. म्हणजे एकाच रिमोटची अर्धी बटणे उशीखालूनही चालतात आणि अर्धी चालत नाहीत.

'सिनेमा' बटणाच्या आत काय घडते

रिसीव्हर, टीव्ही आणि दिवे असलेल्या घरात आम्ही क्रम असा लावतो. सर्वांत आधी दिवे मंद. ते लगेच प्रतिसाद देतात, त्यामुळे बटण लागले हे माणसाला कळते आणि तो ते पुन्हा दाबत नाही. मग रिसीव्हर आणि टीव्ही चालू. यानंतर थांबायचे. चालू झाल्यावर पहिले काही सेकंद रिसीव्हर कुणाचे ऐकत नाही. त्या वेळात 'इनपुट बदल' सांगितले तर ते वाया जाते आणि पडद्यावर चित्र एकाचे, आवाज काल लावलेल्या रेडिओचा, अशी गंमत होते. रिसीव्हर नेटवर्कवर असेल तर त्याने 'मी तयार' कळवेपर्यंत हब थांबतो. फक्त इन्फ्रारेडवर असेल तर घड्याळ लावून मोजून थांबावे लागते. मग इनपुट, आणि शेवटी आवाज.

चित्रपट थांबवल्यावर दिवे थोडे उजळावेत, ही लोकांची सर्वांत आवडती सोय. तिच्यात काही सेकंदांचा उशीर मुद्दाम ठेवा. नाहीतर एक भाग संपून दुसरा सुरू होताना किंवा जाहिरात ओलांडताना दिवे उघडझाप करतात आणि घरातले लोक दुसऱ्या दिवशी ही सोय बंद करायला लावतात. दिवसा हे चालू नये म्हणून सूर्यास्तानंतरचीच अट घालतो. दारावरची बेल हबला जोडलेली असेल तर बेल वाजताच चित्रपट थांबवता येतो.

जे आम्ही बसवून देत नाही

स्मार्ट प्लगने प्रोजेक्टरची वीज तोडणे. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा दिवा थंड करत असतो. मध्येच वीज गेली तर दिव्याचे आयुष्य कमी होते. ओएलईडी टीव्हीही स्टँडबायमध्ये पडद्याची डागडुजी करून घेतो. अशा ठिकाणी प्लग मोजण्यापुरता, तोडण्यासाठी नाही.

'हालचाल नसेल तर टीव्ही बंद'. साधा सेन्सर हालचाल टिपतो, आणि रंगात आलेला सिनेमा पाहणारा माणूस हलतच नाही.

बोलून आज्ञा द्यायच्या असतील तर उपकरणाला नुसते 'टीव्ही' असे नाव देऊ नका. 'हॉलचा टीव्ही' असे द्या. आणि आज्ञा ऐकणाऱ्या स्पीकरचा माइक बंद करण्याचे बटण कुठे आहे ते घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.

इंटरनेट गेले तर

काही हब प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवतात. इंटरनेट बंद, की टीव्हीचे बटणही बंद. होम असिस्टंटसारखी मुक्त प्रणाली (ती २०१३ पासून आहे) घरातल्याच छोट्या संगणकावर चालते, त्यामुळे स्थानिक जोडण्या इंटरनेटविना सुरू राहतात. तिची देखभाल मात्र कुणीतरी करावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेले मॅटर हे सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आले आणि त्यात टीव्हीचाही समावेश आहे. तरी हबच्या खोक्यावर मॅटरचे चिन्ह दिसले म्हणून तुमचा टीव्ही त्यातून चालेल असे धरून चालू नका. दोन्ही बाजूंना ती सोय असावी लागते. लॉजिटेक कंपनीने हार्मनी हे अनेक उपकरणे एकत्र चालवणारे रिमोट बनवणे २०२१ मध्ये थांबवले, तेव्हा कंपनीने पाठ फिरवली तर घरातले किती चालेल, हा प्रश्न अनेकांना पहिल्यांदा पडला. खरेदीआधी तो जरूर विचारा.

पाहणीआधी एवढे करून ठेवा

प्रत्येक उपकरणाच्या मागचा मॉडेल क्रमांक आणि एचडीएमआयच्या जागांचे फोटो काढून ठेवा. राउटरचा पासवर्ड हाताशी असू द्या. ड्रॉवरमध्ये पडलेले जुने रिमोटही बाहेर काढा, कारण एखादा हरवलेला कोड त्यांच्यातच मिळतो. हब बसल्यावरही मूळ रिमोट टाकू नका आणि त्यांचे सेल काढू नका; पाहुण्यांना तेच लागतात.

पाहणीच्या दिवशी घरात सर्वांत जास्त टीव्ही पाहणारी व्यक्ती हजर असावी. हब विकत घेणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते.