एका प्रथिनाची अनेक नावे : वाढत्या फुफ्फुसातील पेशी-आसंजनाची पार्श्वभूमी

स्पंजाच्या विलग केलेल्या पेशी पुन्हा एकत्र येतात हे १९०७ मध्ये दिसले, आणि फुफ्फुसाच्या अंकुराला फांद्या फुटण्यासाठी भोवतालच्या मेसेन्काइमची (भ्रूणातील सैल संयोजी ऊतीची) गरज असते हे १९३३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरून कळले. या दोन निरीक्षणांमागचे रेणू हाती यायला त्यानंतर कित्येक दशके लागली.

१९७७ मध्ये पेशी एकमेकींना चिकटण्याचे (आसंजनाचे) कॅल्शियमवर अवलंबून असलेले आणि नसलेले असे दोन मार्ग वेगळे करता आले. त्या प्रयोगांतील पेशी हॅमस्टरच्या फुफ्फुसापासून मिळवलेल्या होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुढील दशकात कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या मार्गातील एका प्रथिनाच्या नावांचा गुंता झाला. उंदराच्या भ्रूणावर काम करणाऱ्यांनी ज्याला युव्होमोरुलिन म्हटले, त्याच्याशी जुळणारे कोंबडीतील प्रथिन यकृतावरून ('एल' म्हणजे लिव्हर) एल-कॅम म्हणून ओळखले गेले, कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत त्यालाच आर्क-१ म्हटले गेले, आणि अखेरीस ई-कॅडहेरिन हे नाव रूढ झाले. हा निर्णय योग्यच होता, कारण अवयवागणिक बदलणाऱ्या नावांमुळे फुफ्फुसातील नोंदी यकृताच्या नावाखाली शोधाव्या लागत. परंतु नव्या नावातील 'ई' उपकलेचा (एपिथेलियम, म्हणजे अवयवांचे पृष्ठभाग व नलिका मढवणारा पेशींचा थर) असल्याने फुफ्फुसाच्या अभ्यासात हे प्रथिन प्रामुख्याने उपकला ओळखण्याची खूण म्हणून वापरले गेले आणि त्याच्या कार्याचा प्रश्न मागे पडला, असे माझे मत आहे. त्यात एक खरी अडचणही होती: हे जनुक पूर्णपणे निकामी केलेले उंदराचे भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच नष्ट होतात, तर फुफ्फुसाचा अंकुर साडेनवव्या दिवशी दिसतो. त्यामुळे केवळ फुफ्फुसाच्या उपकलेतून जनुक काढण्याचे तंत्र येईपर्यंत थांबावे लागले.

पेशींना आधारपटलाशी (उपकलेखालील पातळ पटलाशी) जखडणाऱ्या इंटिग्रिन या प्रथिनांबाबत उत्तर लवकर मिळाले. १९९६ मध्ये अल्फा-३ इंटिग्रिन नसलेल्या उंदरांत श्वासनलिकांचे शाखन अपुरे आढळले आणि ती पिल्ले जन्मानंतर लवकरच दगावली. २००३ मध्ये मुख्यतः लाळग्रंथीवरील कामातून असे दिसले की दोन फांद्यांमधील खाचेत फायब्रोनेक्टिन हे पेशींबाहेरील प्रथिन साचते आणि तेथे पेशींची परस्परांवरील पकड सैल होते. फायब्रोनेक्टिनला अटकाव केल्यावर फुफ्फुसाचे शाखनही मंदावले. म्हणजे फांदी फुटण्यासाठी चिकटण्याइतकेच योग्य जागी सुटणेही आवश्यक असते. २०१२ मध्ये अल्फा-३ च्या जनुकात दोष असलेल्या तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यात फुफ्फुसाबरोबरच मूत्रपिंड व त्वचा यांचेही विकार होते.